तीन सामने उरले असताना

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या डेन्व्हर नगेट्स संघानं आपला कोच मायकेल मलोनला नारळ दिला तेव्हा नियमित हंगामाचे तीनच सामने उरले होते. तारीख ८ एप्रिल २०२५. संघाच्या नावावर ४७ विजय आणि ३२ पराभव होते, म्हणजे प्लेऑफचं, विजेतेपदासाठीच्या पुढच्या फेऱ्यांचं, दार समोर दिसत होतं. दोनच वर्षांपूर्वी याच माणसाच्या हाताखाली डेन्व्हरनं आपलं पहिलं एनबीए विजेतेपद मिळवलं होतं. २०१५ पासून तो त्या खुर्चीवर होता. त्याच्यासोबत खेळाडूंची निवड बघणाऱ्या जनरल मॅनेजर कॅल्विन बूथलाही घरी पाठवलं आणि सहायक डेव्हिड अ‍ॅडलमनच्या हाती संघ सोपवला. मलोनपुरता तो निर्णय मला तेव्हा अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो.

आमच्या गावात त्यावरून जे वाजलं ते अजून शमलेलं नाही. गाव अमरावती जिल्ह्यातलं, धामणगाव रेल्वे तालुक्यातलं. एप्रिलमध्ये आमच्याकडे हरभरा-गहू घरात आलेला असतो, पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचलेल्या असतात आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माझ्या आत्तेभावाचं कृषी केंद्र आहे. बियाण्यांची झुंबड मृगाच्या तोंडावर, तोवर दुकानात गिऱ्हाईक कमी. त्यामुळे दुपार ओट्यावरच्या सावलीत जाते, आणि तिथे बास्केटबॉल निघालं की चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो.

बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. गावाला क्रिकेट कळतं, कबड्डी कळते, पण बास्केटबॉल कुठून आलं? आलं ते आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांमुळे. सर शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आला होता. सरांनी शाळेच्या मैदानात लोखंडी पाइप रोवून त्याला फळी आणि रिंग ठोकली. जाळी कधीच नव्हती, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर पोरांची भांडणं व्हायची आणि सरांचा शब्द शेवटचा असायचा. पुढे मोबाईल आले, डेटा स्वस्त झाला, आणि त्या रिंगखाली वाढलेली पोरं डेन्व्हर-बोस्टन बोलायला लागली.

वेळही आमच्या सोयीची निघाली. अमेरिकेतला संध्याकाळचा सामना म्हणजे आमची पहाट. थंडीत पूर्व किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे साडेपाच-सहाला सुरू होतात, डेन्व्हरचे साडेसातच्या सुमाराला. हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री फेज लाइन रात्रीची असली की माणूस तसाही शेतातच असतो. स्प्रिंकलरचे पाइप एका ओळीतून काढून दुसऱ्या ओळीत लावायचे, मोटर चालू करायची आणि धुऱ्यावर शेकोटीशी बसून मोबाईल उघडायचा. रेंज विहिरीजवळ बरी लागते. चित्र अडकतं, नेमकं फ्री थ्रोच्या वेळी अडकतं. मग आकडे बघायचे आणि घरी आल्यावर हायलाइट्स. पण बऱ्याचदा चौथा क्वार्टर सलग मिळतो.

डेन्व्हरचा निकोला योकिच आमच्या गावचा लाडका व्हावा हे ओघानंच आलं. तो सर्बियातल्या सोम्बोर नावाच्या लहान शहरातला. भोवती शेतीचा मुलूख. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तो ४१ वा निवडला गेला, म्हणजे त्याच्याआधी चाळीस जणांवर संघांचा जास्त विश्वास होता. त्यानंतर २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. अंगानं भारी, उडी मारायला जड, पळण्यात डौल नाही. पण बॉल हातात आला की बाकीचे नऊ जण कुठे आहेत हे त्याला डोक्याच्या मागूनही दिसतं. शिवाय त्याला घोड्यांचं वेड. दोनचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती हा त्याचा जीव की प्राण. २०२३ ला विजेतेपद मिळालं आणि मिरवणूक अजून तीन-चार दिवसांनी आहे असं कळलं, तेव्हा हा गडी घरी जायचं म्हणत होता.

हे ऐकल्यावर ज्यांना बास्केटबॉलचं काही देणंघेणं नव्हतं ते म्हातारेही योकिचच्या बाजूचे झाले. कारण आमच्या पट्ट्यात तळेगाव दशासरचा शंकरपट आहे. २०१४ च्या बंदीनंतर पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर पुन्हा सुरू झाले. बैलजोडी दाणीवरून सुटते आणि काही सेकंदांत सगळं संपतं, घड्याळात सेकंदाचे तुकडे मोजले जातात. नंतर रात्रभर एकच वाद: जोडी पळाली की धुरकऱ्यानं पळवली? चांगली जोडी कोणाच्याही हाती पळते असं म्हणणारे असतात, आणि तीच जोडी दुसऱ्या हाती देऊन बघा म्हणणारेही असतात. योकिच आणि मलोन यांचा वाद गावानं याच वादाच्या पाटावर बसवला. मला त्यात गैर काही दिसत नाही. प्रश्न तोच आहे.

मलोन जाण्याच्या आठवडाभर आधीचा सामना सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ एप्रिल, आपल्याकडे २ एप्रिलची सकाळ. डेन्व्हर विरुद्ध मिनेसोटा. डेन्व्हरचा जमाल मरे दुखापतीमुळे बाहेर. सामना एकदा बरोबरीत सुटला, जादा वेळ झाला, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. योकिच पन्नासहून जास्त मिनिटं मैदानावर होता आणि त्यानं ६१ गुण केले, वर दहा रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं) आणि दहा असिस्ट (ज्या पासवर दुसरा गुण करतो). ओट्यावर जेवढे होतो तेवढे उभे राहून बघत होतो. शेवटच्या सेकंदांत डेन्व्हर एका गुणानं पुढे, रसेल वेस्टब्रुकनं बॉल चोरला, समोर रिकामी बास्केट, आणि बास्केटजवळून टाकायचा त्याचा सोपा लेअप हुकला. मिनेसोटा धावत परत आलं. निकील अलेक्झांडर-वॉकरनं कोपऱ्यातून तीन गुणांसाठी बॉल टाकला आणि त्याच वेस्टब्रुकनं त्याला फाउल केला. घड्याळात सेकंदाचा दहावा हिस्सा उरला होता. तीनपैकी दोन फ्री थ्रो आत गेले. १४०-१३९. डेन्व्हर हरलं.

भाऊ म्हणाला, "एकसष्ट मारते थो, अन् टीम हारते. मंग कोच कायले ठेवाचा?"

माझी चुलत बहीण अमरावतीला शिकते, कॉलेजच्या संघात गार्ड खेळते. सुट्टीला आलेली होती. ती म्हणाली, "भाऊ, लेअप कोचनं सोडला का? फाउल कोचनं केला का?"

"शेवटच्या मिनिटाले वेस्टब्रुकले कोनं ठेवलं मैदानात?"

तिला यावर लगेच उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. भाऊचा मुद्दा पक्का होता. कोचचं काम बॉल टाकणं नव्हे, शेवटच्या मिनिटाला मैदानावर कोण असेल हे ठरवणं. पण थोडं पुढे जाऊन विचारलं पाहिजे की मलोनकडे त्या दिवशी दुसरं कोण होतं? मरे जखमी. बाकावर बसलेली पोरं नवखी. २०२३ च्या विजयात मोलाचा ठरलेला ब्रूस ब्राउन त्याच उन्हाळ्यात गेला, जेफ ग्रीनही गेला, २०२४ ला कॉल्डवेल-पोपही ऑर्लँडोला गेला. त्यांच्या जागी तयार माणसं आली नाहीत. वेस्टब्रुकनं त्या हंगामात अनेक सामने सावरले होते हेही खरंच. स्वयंपाकघरात जेवढा शिधा तेवढाच स्वयंपाक, असं मी त्या दिवशी म्हणालो, तर भाऊ म्हणाला मग दहा वर्षं काय केलं.

आता कोचलाच का काढतात हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे सगळं घोडं पेंड खातं. एनबीएमध्ये खेळाडूंची अदलाबदल फेब्रुवारीत बंद होते. त्यानंतर संघ जसा आहे तसाच राहतो. पगारावर एकूण मर्यादा असते, आणि मोठ्या खेळाडूंचे करार अनेक वर्षांचे आणि बहुतेक पक्के असतात. योकिचचा करार पाच वर्षांचा, २७ कोटी डॉलरच्या वरचा. एप्रिलमध्ये संघ ढेपाळला तर मालकाच्या हातात बदलता येण्याजोगं एकच माणूस उरतं. खेळाडू हलवता येत नाही, म्हणून कोच हलवतात. यात कोच किती दोषी होता हा हिशोब नंतर जुळवला जातो. मला खटकतं ते इथेच. खापर कोणाच्या डोक्यावर फुटायला हवं यापेक्षा कोणाचं डोकं जवळ आहे हे बघून फोडलं जातं.

डेन्व्हर एकटं नव्हतं. मलोनच्या अकरा दिवस आधी मेम्फिसनं टेलर जेन्किन्सला काढलं, नऊ सामने बाकी असताना. जानेवारी २०२४ मध्ये मिलवॉकीनं एड्रियन ग्रिफिनला ३० विजय आणि १३ पराभवांवर असताना घरी पाठवलं. आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सनं टॉम थिबोडोला काढलं, ज्यानं त्यांना पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेलं होतं. थिबोडोवर आक्षेप जुनाच, की तो मुख्य पाच जणांना फार खेळवतो, राखीव पोरांवर विश्वास टाकत नाही. आक्षेप खोटा नाही. पण पंचवीस वर्षं जे कोणाला जमलं नाही ते करणाऱ्याला त्याच पंधरवड्यात नारळ?

यावर सर एक उदाहरण काढतात आणि ते दरवेळी मला अडचणीत टाकतं. जानेवारी २०१६, क्लीव्हलंड. डेव्हिड ब्लॅटला ३०-११ वर असताना काढलं, टायरन लूला आणलं. सगळे हसले. जूनमध्ये तोच संघ ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ मागे होता, आणि तिथून विजेता झाला. सर म्हणतात, "कधी कधी ड्रेसिंग रूममध्ये काय चाललंय ते आपल्याला इथून दिसत नाही. पोरं ऐकत नसतील तर शहाणा कोचही काही करू शकत नाही." हे मी मान्य करतो. मलोन आणि बूथ यांच्यात पटत नव्हतं हे तर उघड झालंच होतं. घरात दोन कर्ते एकमेकांशी बोलत नसले की पोरांचं काय होतं ते सांगायला नको.

तरी माझं म्हणणं ओक्लाहोमा सिटी थंडर या संघावरून ठरलेलं आहे. मार्क डेग्नो नावाचा तरुण कोच २०२० मध्ये तिथे मुख्य झाला. आधी तो त्याच क्लबच्या दुय्यम संघाला शिकवत होता. पहिल्या हंगामात २२ विजय, ५० पराभव. दुसऱ्यात २४ आणि ५८. दुसरीकडे असता तर तिसरं वर्ष दिसलं नसतं. इथे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टीनं त्याला हात लावला नाही. मग ४० विजय, मग ५७, आणि २०२४-२५ मध्ये ६८ विजय आणि विजेतेपद. शे गिल्जस-अलेक्झांडर त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू झाला, अंतिम मालिकेचाही. भाऊचं म्हणणं असं की ती पहिली दोन वर्षं त्यांनी हरायचंच ठरवलं होतं, ड्राफ्टमधली चांगली पोरं मिळावीत म्हणून. बरोबर आहे त्याचं, त्या वर्षांत जिंकण्याची घाई कोणालाच नव्हती. पण हरण्याच्या काळात पोरांना बचाव शिकवणं, हात-पाय हलते ठेवणं, कोणाला कंटाळू न देणं हे काम कोणीतरी केलंच ना? तेच काम पुढे फळाला आलं.

आणि डेग्नोचं मोठेपण मी डोळ्यांनी पाहिलं. डेन्व्हरनं मलोनला काढल्यावर अ‍ॅडलमनच्या हाती उरलेले तिन्ही सामने जिंकले, पहिल्या फेरीत क्लिपर्सला सात सामन्यांत हरवलं आणि दुसऱ्या फेरीत गाठ पडली ती ओक्लाहोमाशी. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. तो सामना आपल्याकडे १८ मे च्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १९ मे लागल्यावर होता. मे महिन्यात आमच्याकडे रात्रीही भिंती तापलेल्या असतात, माणसं अंगणात बाजा टाकून झोपतात. भाऊच्या अंगणात एका बाजेवर चौघं, मधे मोबाईल उशीला टेकवलेला, बाजूला कूलरचा आवाज. काकाजी शेजारच्या बाजेवरून दोनदा म्हणाले, "झोपा नं बाप्पा आता, उद्या पाहान."

सुरुवातीला डेन्व्हर पुढे होतं. मग डेग्नोनं योकिचवर अ‍ॅलेक्स कॅरुसोला लावलं. योकिच जवळपास सात फूट आणि अंगानं डोंगर. कॅरुसो गार्ड, साडेसहा फुटांच्या आतला. संघात चेट होमग्रेन आणि हार्टेनस्टाइन असे दोन उंच माणूस असताना बुटक्याला पुढे केलं. मला वाटलं योकिच आता त्याला पाठीवर घेऊन आत ढकलणार. बहीण म्हणाली, "दादा, योकिचकडे नको पाहू. ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे पाह्य."

मी कॅरुसोच्या पायांकडे बघायला लागलो. तो योकिचच्या मागे उभाच राहत नव्हता. पुढे यायचा, बाजूनं हात घालायचा, बॉल योकिचपर्यंत पोचण्याच्या आधीच वाट अडवायचा. आणि मागे उंच माणूस मोकळा ठेवलेला, बॉल वरून टाकलाच तर झडप घालायला. योकिचला ढकलायला अंग होतं, पण बॉलच हाती येत नव्हता, आला तर उशिरा, बास्केटपासून लांब. डेन्व्हरच्या बाकीच्यांना बाहेरून बॉल टाकणं भाग पडलं आणि ते पडेना. अ‍ॅरन गॉर्डन मांडीचा स्नायू दुखावलेला असूनही खेळत होता, त्याच्या प्रत्येक उडीत ते दिसत होतं. १२५-९३. एवढ्या फरकानं सातवा सामना हरताना बघवत नाही. पण एका कोचनं एक माणूस इकडचा तिकडे केला आणि जगातला सगळ्यात हुशार खेळाडू अर्ध्या रात्रीत अडकला, हे त्या मोबाईलच्या वितीएवढ्या पडद्यावर इतकं स्वच्छ दिसलं की मला झोप आली नाही.

मग योकिचच्या खेळात कोचचा वाटा किती? बहिणीशी यावर मी बरंच बोललो आहे. त्या हंगामात योकिचची सरासरी गुण, रिबाउंड आणि असिस्ट तिन्हींत दोन आकडी होती. त्याच्याआधी पूर्ण हंगामात हे फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि वेस्टब्रुकला जमलं होतं. दहा असिस्ट म्हणजे दहा वेळा दुसऱ्या कोणीतरी बॉल आत टाकला. तो दुसरा योग्य क्षणी बास्केटखाली घुसला म्हणून. ख्रिश्चन ब्राउनचं धावणं, गॉर्डनचं बेसलाइनवर दबा धरून थांबणं, मरेचं योकिचच्या हातून बॉल घेत वळसा मारणं, हे सगळं सरावात शेकडो वेळा बसवलेलं असतं. बहीण सांगते की त्यांच्या कॉलेजात एक कट, म्हणजे बॉलशिवाय आत घुसायची धाव, बसवायला पूर्ण आठवडा जातो, आणि सामन्यात तो दोनदा लागू पडला तरी कोच खूश असतात. प्रेक्षकाला योकिचचा पास दिसतो. ती धाव कोणी आखली ते दिसत नाही. म्हणून तारा जेवढा मोठा तेवढा त्याचा कोच झाकला जातो, आणि संघ हरला की तोच कोच एकदम सगळ्यांना दिसायला लागतो.

आता कोणी म्हणेल, कोचला धरून बसायचं तर खेळाडू बदला. तेही एकानं करून बघितलं. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. आदल्या दिवशी अर्थसंकल्पात कापसाच्या उत्पादकतेसाठी पाच वर्षांचं मिशन जाहीर झालं होतं आणि ओट्यावर सकाळपासून तेच चाललं होतं, कारण कापूस आमच्या घराघरात साठलेला. तेवढ्यात बातमी आली: डॅलसनं लुका डोन्चिच लेकर्सना देऊन टाकला. पंचविशीतला पोरगा, आठ महिन्यांपूर्वी त्यानं संघाला अंतिम मालिकेत नेलेलं. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि ड्राफ्टमधली एक जागा. भाऊ लेकर्सवाला, तो दुकानाबाहेर येऊन ओरडला. जनरल मॅनेजर निको हॅरिसननं कारण दिलं बचावाचं. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जखमी झाला, मार्चमध्ये कायरी अर्विंगचा गुडघा गेला, आणि लुका एप्रिलमध्ये डॅलसला पाहुणा म्हणून आला तेव्हा डोळे पुसत मैदानात उतरून ४५ गुण करून गेला. प्रेक्षक हॅरिसनला काढा म्हणून ओरडत राहिले. नोव्हेंबरमध्ये त्याला काढलंच. त्या सगळ्या गोंधळात कोच जेसन किडबद्दल फारसं कोणी बोललं नाही, हे मला लक्षणीय वाटतं. लोकांना पहिल्यांदा कळलं की निर्णय कोण घेतं.

कोचच्या एका कामाबद्दल गावात वाद होत नाही. माणसाला बसवण्याबद्दल. २०१२ मध्ये सॅन अँटोनिओचा कोच ग्रेग पोपोविचनं मायामीच्या सामन्याआधी टिम डंकनसह मोठ्या खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी पाठवलं, आणि लीगनं सॅन अँटोनिओला अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. तोच पोपोविच १९९६ पासून २०२५ पर्यंत त्या एका संघाचा कोच राहिला आणि पाच विजेतेपदं घेऊन उठला. ८२ सामन्यांचा हंगाम, लागोपाठ दोन रात्री दोन शहरांत खेळ, त्यात शरीर टिकवायचं तर कोणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो.

म्हणूनच २३ जूनच्या सकाळी इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पडला तेव्हा ओट्यावर कोणी भांडलं नाही. इंडियाना आणि ओक्लाहोमा, अंतिम मालिकेचा सातवा सामना. पेरणीचे दिवस, पण आभाळाकडे बघण्याऐवजी आम्ही सगळे मोबाईलकडे. त्याची पोटरी पाचव्या सामन्यात दुखावली होती. सहावा खेळला, सातव्यात पहिल्या क्वार्टरमध्ये तीन थ्री मारले आणि पुढच्या एका पावलाला टाचेमागची अकिलीसची शीर तुटली. हातानं जमीन बडवत होता पोरगा. त्याचा कोच रिक कार्लाइलनं त्याला खेळवायला नको होतं का? पण सातवा सामना, आणि खेळाडूच म्हणतो मी खेळणार. सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आमच्याच गावच्या एका मुलाची गोष्ट काढली. तालुक्याच्या कबड्डीत अंतिम फेरीच्या सकाळी त्याचा गुडघा सुजलेला होता. पोरगा रडला, बाप येऊन बोलला, गावातले दोन माणसं बोलली, सरांनी त्याला खेळवलं नाही. संघ हरला. त्या बापानं सरांशी कित्येक वर्षं नीट बोलणं ठेवलं नाही. पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो, दिवसभर क्लच दाबतो, गुडघा ठणठणीत. सर म्हणाले, "कार्लाइलवर दगड मी नाही मारणार. माझ्याकडे तालुक्याची फायनल होती. त्याच्याकडे काय होतं ते बघा."

काकाजी आम्हाला म्हणतात हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. तुमच्या बोलण्यानं तिकडं पत्ता तरी हालते का, असं विचारतात. हालत नाही. पण मायामीचा एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये त्या संघात आला तो व्हिडिओच्या खोलीत टेपा कापायला, आणि २००८ ला तिथेच मुख्य कोच होऊन त्यानं पुढे दोन विजेतेपदं मिळवली. बघणं हेही या खेळातलं खरं काम आहे. आमची पोरं आता रिंगखाली खेळताना बॉल नसलेल्या पोराला ओरडून सांगतात, "घूस नं बे आत, उभा काय राह्यला!" ते त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

डेन्व्हरचं पुढे काय झालं ते सांगतो. अ‍ॅडलमनला मे महिन्यातच कायम केलं. उन्हाळ्यात नव्या व्यवस्थापनानं मायकेल पोर्टर ज्युनियरला ब्रुकलिनला देऊन कॅमेरॉन जॉन्सन आणला, ब्रूस ब्राउनला परत बोलावलं, योकिचला श्वास घेता यावा म्हणून मागे योनास व्हॅलान्चियुनास घेतला, टिम हार्डवे ज्युनियर घेतला. भरलेला बाक. मलोनला जे मिळालं नाही ते सगळं, तो गेल्यावर तीन महिन्यांत.

हा मुद्दा मी भाऊसमोर ठेवला तेव्हा मला वाटलं वाद मिटला. भाऊ बिलबुकातून मान वर न करता म्हणाला, "काढलं म्हणूनच आला नं बाक. बूथ राह्यला असता तं हार्डवे आला असता का?"

"मग बूथला काढायचं होतं. मलोनला ठेवायचं होतं."

"अर्धं काम कोनता मालक करते?"

बहीण फोनवर होती, स्पीकर चालू होता. ती म्हणाली ओक्लाहोमाच्या मालकानं केलं, दोन वर्षं हरूनही कोणालाच काढलं नाही. भाऊ म्हणाला ते अर्धं नाही, ते शून्य काम झालं. सर हसले आणि म्हणाले की शून्य काम करायला सगळ्यात जास्त छाती लागते, मोठ्या पगाराचा तारा संघात असताना तर फारच. भाऊनं बिलबुक मिटलं आणि स्पीकरवरच बहिणीला विचारलं की कॅरुसो पुन्हा योकिचवर आला तर अ‍ॅडलमननं काय करायचं ते आधी सांग. ती म्हणाली, गॉर्डनला वर आणायचं, बॉल योकिचकडे बाजूनं नाही, डोक्यावरून द्यायचा. सरांनी खडू मागितला.